दुखणे रेड्याला, डाग पखालीला
जुन्या मोटारीच्या नव्या रंगाचे रोग ओळखायचे कसे?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

पूर्वी गावात पाणी वाहायला रेडा असायचा आणि त्याच्या पाठीवर कातड्याची पखाल. रेडा आजारी पडला तर डाग द्यायचा रेड्याला. पण कुणी शहाणा तो पखालीला देतो, अशी आपली म्हण आहे. जुन्या मोटारी रंगवण्याच्या माझ्या धंद्यात ही म्हण मला सतत आठवते. नव्याने रंगवलेल्या गाडीवर फोड येतात, खड्डे पडतात, सुरकुत्या उमटतात. दिसतात ते वरच्या रंगावर. म्हणून मालक म्हणतो, "घासून वरून एक हात मारा." पेंटरही तसेच करतो. पुढच्या पावसाळ्यात तेच दुखणे त्याच जागी पुन्हा उभे राहते. कारण दुखणे असते खालच्या थरात, आणि आपण डाग देतो वरच्या पखालीला.

मी नेवासे तालुक्यातल्या सोनईचा. एका अंगाला मुळा कारखान्याचा उसाचा पट्टा, दुसऱ्या अंगाला शनिशिंगणापूरची वर्दळ. आपल्या जिल्ह्यात ऊस आला, साखर आली आणि त्यांच्या मागोमाग गावोगाव जीप आणि फियाट आल्या. त्यांतल्या कितीतरी गाड्या आजही वस्तीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या आडोशाला उभ्या आहेत. आता नातवंडांना आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची हौस वाटू लागली आहे. हौस चांगली आहे, पण महाग आहे. इंजिन बिघडले तर सुटा भाग बदलता येतो. रंग बिघडला तर सगळा उतरवून पहिल्यापासून काम करावे लागते, आणि दर वेळी घासताना जुना पत्रा थोडा पातळ होतो. म्हणून रंगाचा रोग पहिल्यांदाच बरोबर ओळखला पाहिजे. तो कसा ओळखायचा, एवढेच आज मला सांगायचे आहे.

गाडी जुनी, रंग कोणता?

आमच्याकडे सर्वांत जास्त येते ती फियाट. ही गाडी आपल्या मुंबईची, कुर्ल्याची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही मोटार तयार होऊ लागली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. २००० सालच्या आसपास तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. म्हणजे आज जी फियाट रंगायला येते, तिने किमान दोन-तीन मालक आणि चार-पाच रंग पाहिलेले असतात.

त्या थरांत कोणकोणते रंग असतात? सगळ्यांत जुना म्हणजे ज्याला पेंटर लोक 'ड्युको' म्हणतात तो. ड्युको हे खरे तर अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या रंगाचे नाव. १९२३-२४ च्या सुमारास तो मोटारींवर आला. त्याआधी तेल-वार्निशचे रंग वाळायला आठवडे लागत; हा काही तासांत वाळू लागला. हा नायट्रोसेल्युलोजचा रंग, म्हणून त्याला एनसी पेंट असेही म्हणतात. थिनर उडून गेला की तो वाळला. आत कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. दुसरा प्रकार सिंथेटिक इनॅमल. ट्रक, ट्रॅक्टर आणि जीपला हाच मारत. हा हवेतला प्राणवायू घेत घेत सावकाश पिकतो. हाताला कोरडा लागला तरी आतून पिकायला त्याला काही आठवडे लागतात. तिसरा प्रकार आजचा पीयू. त्यात हार्डनर मिसळावा लागतो आणि दोहोंची क्रिया होऊन थर कठीण बनतो. एकदा पिकला की थिनरला दाद देत नाही.

हे तिघे एकमेकांवर बसले की भांडतात. म्हणून गाडी आली की पहिले काम कोणता रंग हे ओळखण्याचे. पांढऱ्या सुती फडक्याला थोडा थिनर लावून डिकीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी मिनिटभर धरावा. रंग लगेच विरघळून फडक्याला लागला तर तो ड्युको. रंग मऊ पडला, फुगला, सुरकुतला तर इनॅमल. काहीच झाले नाही तर पीयू. मिनिटभराची ही परीक्षा महिनाभराचे काम वाचवते.

रोगाची वेळ विचारा

डॉक्टर रोग्याला पहिला प्रश्न विचारतात, "कधीपासून होतंय?" रंगाच्या बाबतीतही हाच प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. गन हातात असतानाच दिसलेला दोष, दुसऱ्या दिवशी दिसलेला दोष आणि दोन-चार महिन्यांनी उगवलेला दोष, या तिघांची घराणी वेगळी. पहिल्याचे कारण बहुधा हवेत, हातात किंवा गनमध्ये सापडते. दुसऱ्याचे कारण थिनर आणि घाई यांत सापडते. तिसऱ्याचे कारण मात्र जवळजवळ नेहमी खाली, पत्रा आणि प्रायमर यांच्यामध्ये दडलेले असते. दोष जितका उशिरा दिसतो, तितके त्याचे मूळ खोल. माझ्या धंद्याचा हा पहिला धडा.

गन हातात असताना

रंग मारतानाच मधेच गोल खड्डे पडू लागतात. मध्ये बारीक टिंब, भोवती कडे. थेट माशाच्या डोळ्यासारखे. रंग तेथून दूर पळतो. कारण एकच, खाली तेलकटपणा आहे. डॅशबोर्ड आणि टायर चमकवण्याच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असते, ते याचे सर्वांत मोठे कारण. कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर येणारे तेल हे दुसरे. आणि आमच्याकडे तिसरेही आहे. शिंगणापूरला तेल वाहून आलेला मालक कौतुकाने प्रायमर मारलेल्या बॉनेटवरून हात फिरवतो. त्याच्या भक्तीबद्दल काही म्हणणे नाही, पण हात आधी साबणाने धुवावेत. असे खड्डे दिसले की वरून रंग ओतून ते बुजत नाहीत. काम थांबवावे, रंग वाळू द्यावा, घासावा आणि तेल काढणाऱ्या द्रावणाने पत्रा पुसावा. पुसायला दोन फडकी लागतात. एकाने ओले पुसायचे आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचे. एकच फडके फिरवत राहिलो तर तेल जाग्यावरून हलते, जात नाही. गनमध्ये रंग भरण्याआधी नुसती हवा पांढऱ्या कागदावर मारून पाहावी. कागदावर डाग पडला तर कॉम्प्रेसरची टाकी आधी रिकामी करावी.

दुसरा दोष म्हणजे संत्र्याची साल. रंग सपाट न बसता दाणेदार बसतो. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे पारा गेला की थेंब पत्र्यावर पोचून पसरण्याआधीच थिनर उडतो. गन फार लांब धरली, हवेचा दाब कमी पडला किंवा रंग दाट ठेवला तरी हेच होते. गन वीतभर, म्हणजे सहा ते आठ इंचांवर धरावी आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा. उन्हाळ्यात थिनर सावकाश उडणारा घ्यावा आणि काम सकाळी लवकर उरकावे. हा दोष बरा होणारा आहे. रंग पूर्ण पिकल्यावर दीड हजार आणि दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने घासून, रबिंग कंपाउंड लावून पॉलिश केले की आरसा लख्ख होतो. मात्र घासायला पुरेसा थर हवा. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो आणि वरच्या रंगाचा थर बहुतेक वेळा त्याच्याही आत असतो, हे विसरू नये.

तिसरा दोष ओघळ. जवळून आणि सावकाश गन फिरवली की रंग ओघळतो. हा फक्त हाताचा दोष, वाळल्यावर घासून जातो. चौथा म्हणजे धूळ. गळीत हंगामात, दिवाळीच्या आगेमागे कारखाना सुरू झाला की बगॅसची काजळी हवेत तरंगते. ओल्या रंगावर काळे कण बसतात. जमीन पाण्याने भिजवणे, शेडला पडदे लावणे आणि वारा पडल्यावर काम करणे, हे त्याचे साधे उपाय.

इथेच एक फरक सांगून ठेवतो, कारण त्यात भलेभले फसतात. बोटाला टोचणारे बारीक कण आणि बोटाला खोलगट लागणारी बारीक छिद्रे, लांबून दोन्ही सारखीच दिसतात. कण असतील तर ती धूळ, घासून जाते. छिद्रे असतील तर घासून ती आणखी उघडी पडतात. ती का पडतात, ते आता पाहू.

पहिले काही दिवस

रंगाचा एक हात मारल्यावर आतला थिनर उडायला दहा-पंधरा मिनिटे द्यावी लागतात. घाईने लगेच दुसरा जाड हात मारला किंवा गाडी उन्हात काढली, तर वरून साय धरते आणि आत थिनर कोंडला जातो. दुधाची साय फोडून वाफ निघते तसा तो थर फोडून बाहेर पडतो आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे ठेवून जातो. ही छिद्रे पॉलिशने बुजत नाहीत. पांढरे पॉलिश त्यांत अडकून बसते आणि गाडीवर रांगोळीचे ठिपके दिसतात. तो भाग घासून पुन्हा रंगवणे हाच उपाय.

पावसाळ्यात ड्युकोला आणखी एक रोग होतो. काळी गाडी रंगवावी आणि ती डोळ्यांदेखत दुधाळ पडावी. थिनर उडताना पत्र्याची उष्णता घेऊन जातो. अंगाला पेट्रोल लागले की गार वाटते ना, तसेच. पत्रा गार पडला की हवेतले बाष्प त्यावर दवासारखे बसते आणि रंग पांढुरका होतो. यासाठी पत्रा दव पडण्याच्या तापमानापेक्षा किमान तीन अंशांनी गरम असावा, असा नियम आहे. यंत्र नसेल तर ओल्या फडक्याने पत्र्यावर एक पुसट पट्टा ओढावा. पंधरा मिनिटांत तो वाळला नाही तर त्या दिवशी गन खुंटीला टांगावी. ड्युकोवर असा पांढुरकेपणा आलाच, तर कोरड्या दिवशी सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा मारून तो बऱ्याचदा उतरतो. पीयूचे तसे नाही. त्यातल्या हार्डनरची ओलाव्याशीच क्रिया होऊन वायू सुटतो आणि थरात बुडबुडे राहतात. म्हणून भर पावसात पीयूचे काम करू नये.

सुरकुत्या हा तिसरा रोग. जुन्या इनॅमलवर जोरदार थिनरचा रंग मारला की खालचा थर फुगतो आणि म्हाताऱ्याच्या हातासारख्या सुरकुत्या पडतात. इनॅमलवर इनॅमल मारतानाही सांभाळावे लागते. दुसरा हात एक तर पहिल्याच काही तासांत मारावा, नाहीतर तो पूर्ण पिकल्यावर. मधल्या काळात मारला की सुरकुत्या ठरलेल्याच. आणि सुरकुत्यांना औषध नाही. तेवढा भाग पत्र्यापर्यंत खरवडावा लागतो. सुरुवातीला सांगितलेली थिनरची परीक्षा आठवते ना? ती यासाठीच.

महिन्यांनी उगवणारे

आता सर्वांत अवघड घराणे. गाडी घरी गेली, पूजा झाली, पेढे वाटले. दोन-तीन महिन्यांनी उन्हात तिरप्या नजरेने पाहिले तर लांबी भरलेल्या जागेच्या कडा नकाशासारख्या दिसू लागतात, घासलेल्या रेघा वर येतात. लांबी किंवा प्रायमर पुरता वाळण्याआधी वरचा रंग मारला, हे त्याचे कारण. एनसी पुट्टी वाळताना आकसते. ती जाड भरली तर आकसण्याची क्रिया कित्येक दिवस चालते. पुट्टी पातळ भरावी, दोन हातांत वेळ द्यावा. खोलगट जागा डेंटरकडून पत्रा ठोकूनच वर आणावी. बारीक दोष असेल तर महिना-दोन महिने थांबून, सगळे आकसून झाल्यावर घासून पुन्हा वरचा हात देता येतो.

जाड थरांच्या ड्युकोला भेगा पडतात, उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या. बॉनेटवर आणि टपावर त्या आधी दिसतात, कारण तिथे ऊन आणि इंजिनाची उष्णता दोन्ही लागतात. भेगांवर नवा रंग मारला तर काही दिवसांत भेग पुन्हा वर येते. तिथेही खालपर्यंत उतरल्याशिवाय सुटका नाही. कधी पांढऱ्या गाडीवर गुलाबी छटा येते. खाली जुना लाल रंग असतो आणि त्यातले काही रंगद्रव्य थिनरमध्ये विरघळून वर झिरपते. अशा जुन्या लालावर आधी तो रोखणारा प्रायमर लागतो.

आणि आता फोड. फोडांचे तीन प्रकार आहेत आणि बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून मी मालकाच्या देखत सुई घेऊन एक फोड फोडतो. आत पाणी निघाले आणि तळाशी प्रायमर दिसला, तर कारण ओलावा आणि क्षार. आत तांबूस भुकटी निघाली तर कारण गंज. आत कोरडे, स्वच्छ आणि थर नुसता सुटलेला असेल, तर खालचा थर नीट घासला नव्हता किंवा तेलकट होता, म्हणून वरचा थर धरलाच नाही. फोड कोणत्या थरातून सुटला, हे भिंगाने पाहिले की निम्मा निकाल तिथेच लागतो.

एकदा एक पांढरी फियाट माझ्याकडे आली. दुसरीकडे रंगवलेली होती. कुठे, ते सांगण्याचे कारण नाही. श्रावणात तिच्या दारांवर बारीक फोड आले होते. मालकाच्या मते रंग भेसळीचा, पेंटरच्या मते गाडी पावसात ठेवली म्हणून. दोघांत बोलाचाली झाली होती आणि राहिलेले पैसे अडले होते. मी फोडांकडे पाहिले. ते कुठेही विखुरलेले नव्हते. क्रोमच्या पट्टीखालून ते उभ्या रांगांनी खाली उतरत होते, आणि मागच्या दारावर तर चार बोटांचा स्पष्ट ठसा फोडांनी उमटला होता. सुईने फोडले तर आत पाणी. रंगाचा डबा खराब असता तर फोड गाडीभर आले असते. इथे घासण्याच्या पाण्याचे ओघळ जिथे वाळले होते तिथेच फोड होते, आणि कुणीतरी घामट हात टेकला होता तिथे.

हे कसे घडते? आमच्या भागातल्या कितीतरी बोअरचे पाणी क्षारांचे. बादलीला आतून पांढरा थर चढतो, तो सगळ्यांनी पाहिला आहे. प्रायमर घासताना आपण हेच पाणी वापरतो. ते पत्र्यावर वाळले की क्षार तिथेच राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत. वरून रंग चढतो. रंगाचा थर काचेसारखा बंद असतो असे आपण समजतो, पण तसे नसते. तो पाण्याच्या बाष्पाला अगदी हळूहळू आत येऊ देतो, क्षारांना मात्र बाहेर जाऊ देत नाही. मनुका पाण्यात टाकली की फुगते, ती याच न्यायाने. आतले क्षार पाणी ओढतात आणि थराला खालून ढकलतात. कोरड्या दिवसांत फोड बसतात, पावसात पुन्हा उठतात. घामातही मीठच असते, म्हणून हाताचा ठसा उमटला.

यावर उपाय स्वस्त आहे. शेवटचे धुणे क्षार नसलेल्या पाण्याने करावे. गावात पिण्याच्या पाण्याचा आरओ प्लांट असतो, त्यातले दोन जार पुरतात. पाणी उन्हात वाळू न देता हवा मारून आणि कोरड्या फडक्याने लगेच टिपावे. सांधे, पट्ट्यांच्या खाचा आणि दिव्यांच्या कडा यांत पाणी दडते, तिथे हवा पुन्हा मारावी. आणि त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवू नये. त्या फियाटची दारे प्रायमरखालपर्यंत उतरवून पुन्हा करावी लागली. नुसती वरून घासून भागली नसती.

गंजाचे फोड

तांबूस भुकटी निघाली तर प्रश्न रंगाच्या पलीकडचा असतो. फियाटला जीपसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दाराखालची पोकळ पेटी किंवा फ्लोअर गंजला तर प्रश्न सुरक्षिततेचा होतो. दाराच्या तळाशी पाणी निघायला भोके असतात. ती मातीने आणि रंगाने बुजतात, पाणी आत साचते आणि पत्रा आतून बाहेर गंजत येतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतले काम संपत आलेले असते. वरून घासून लांबी भरणे म्हणजे किडलेल्या दाताला चुना लावणे.

जुनी गाडी घेताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावे. पातळ कापडात गुंडाळून ते गाडीभर फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे जाड लांबी आहे. दाराचा तळ, चाकांवरच्या कमानी, हेडलाइटभोवतीची जागा, डिकीतली स्टेपनीची जागा, एवढे तरी पाहावे. पत्रा कुजला असेल तर तेवढा कापून नवा वेल्डिंगने जोडावा आणि पोकळ पेट्यांत आतून गंजरोधक फवारावा. मग रंगाचा विचार करावा.

मूळ पत्रा जपण्याला आता सरकारी कारणही आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ते लागू आहेत. त्यासाठी चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठरवले गेले, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. तेव्हा सगळा पत्रा बदलून चकचकीत करण्यापेक्षा जुना पत्रा वाचवणे शहाणपणाचे.

पेंटरची छाती

एक गोष्ट अशी आहे की ती गाडीपेक्षा महत्त्वाची आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांच्या फवाऱ्याने पेंटरला दमा जडतो, आणि एकदा शरीर त्यांना सरावण्याऐवजी बिथरले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते. हवेत ती धोक्याइतकी असली तरी वास येईलच असे नाही. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाहीत. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क सर्वांत चांगला. तो परवडत नसेल तर निदान चेहऱ्याला घट्ट बसणारा कोळशाच्या डबीचा मास्क, हातमोजे आणि खेळती हवा हवीच. डबीही वेळेवर बदलावी. घरातल्या पोरांना रंग मारताना शेडमध्ये येऊ देऊ नये.

जुना रंग घासतानाही जपावे. पूर्वीच्या पिवळ्या, लाल, नारिंगी रंगांत आणि शेंदरी प्रायमरमध्ये शिशाची संयुगे सर्रास असत. कोरडे घासले की ती धूळ होऊन पोटात आणि छातीत जाते. ओले घासावे, चिखल गोळा करावा, जेवणाआधी हात-तोंड धुवावे, कामाचे कपडे घरात नेऊ नयेत. मालकांनी एवढे लक्षात ठेवावे की 'कमीत कमीत करून द्या' म्हणून आपण जो आकडा खाली आणतो, त्यात बहुधा पहिला बळी या मास्कचा जातो.

भांडण टाळायचे असेल तर

रंगाचे निम्मे वाद मालक आणि पेंटर यांच्यात सुरुवातीला बोलणे झाले नाही म्हणून होतात. काम सुरू करण्याआधी थिनरची परीक्षा आणि चुंबकाची फेरी दोघांनी मिळून करावी. कोणता थर कुठपर्यंत उतरवायचा, हे लिहून घ्यावे. मोबाइलमध्ये प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा. उघडा पत्रा, प्रायमर, लांबी, वरचा रंग. कोणता रंग, कोणता थिनर, कोणत्या तारखेला, हवा कशी होती, एवढे एका वहीत टिपावे. ही वही पुढे रोग्याच्या केसपेपरसारखी कामाला येते. निम्मे पैसे दिले म्हणून घाई करू नये आणि सणाच्या मुहूर्तासाठी तर मुळीच नाही. रंगाला वाळायला लागणारा वेळ पंचांगात नसतो.

आणि दोष दिसलाच, तर आधी हातातला पेपर खाली ठेवावा. तो कधी दिसला ते आठवावे. कुठे आहे, रांगेत आहे की विखुरलेला, उन्हाच्या बाजूला की सांध्याजवळ, ते पाहावे. बोटाने चाचपावे, भिंगाने पाहावे, फोड असेल तर एक फोडून पाहावा. कोणत्या थरात दुखणे आहे ते कळले की मग तिथपर्यंतच उतरावे, त्याच्या वरही थांबू नये आणि कारण नसताना खालीही जाऊ नये. एवढे केले तर मालकाचा पैसा, पेंटरचा शब्द आणि आजोबांच्या गाडीचा पत्रा, तिन्ही वाचतात.